टपावरचा एसी

शेळगावात चालू यंत्राला मालक असतो. ते बंद पडलं की गावाचं होतं. ट्रॅक्टर चालू असताना त्याच्या सीटवर बसायची कुणाची छाती होणार नाही. तोच ट्रॅक्टर बोनेट उघडून बांधाला उभा दिसला, की रस्त्यानं चाललेला माणूस मोटारसायकल स्टँडवर लावतो, आत डोकं घालतो आणि विचारतो, "काय झालंय?" मालकानं उत्तर द्यावं अशी अपेक्षा नसते. उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात तयार असतं, तंबाखूच्या पुडीशेजारी.

याचं मूळ पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, तेव्हापासून आम्ही इंदापूरकर त्याच्या शेपटाला आहोत. वर बारामतीचं भिजून उरेल तेवढं खाली येतं. म्हणून विहीर आली, बोअर आलं, शेततळं आलं, आणि या सगळ्यांवर मोटार आली. मोटार आली म्हणजे तिचं जळणंही आलं. पिढ्यान्‌पिढ्या मोटारी जाळून इथं जे ज्ञान साठलंय त्याला तोड नाही. बेअरिंग गेलेली मोटार कशी किंचाळते, एक फेज गेलेली कशी कण्हते, कोरडी चाललेली कशी रडते, हे तोंडानं काढून दाखवणारी माणसं आमच्या पारावर बसलेली असतात. त्यामुळं जगातल्या यच्चयावत बिघाडांचे शेळगावात चारच प्रकार पडतात: फेज गेली, एअर धरली, फूटव्हॉल्व्ह गेला आणि जळाली. टीव्ही दिसेना, फेज गेली. मोटारसायकल चढाला दम टाकते, एअर धरली. पोरगं दहावीला पुन्हा बसलं तर फूटव्हॉल्व्ह गेला. वरनं कितीही भरा, खालनं उतरतंच.

अशा गावात आमचे दाजी कॅरॅव्हॅन घेऊन आले.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीतल्या एका कारखान्यातनं निवृत्त झाले आणि आता काय करायचं म्हणून पेपर वाचत बसले. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं, ती बातमी त्यांच्या मनात घर करून होतीच. सरकारनं धोरण आणावं आणि माणसानं ते मनावर घ्यावं, अशी उदाहरणं फार नाहीत. दाजींनी घेतलं. कुणाची तरी वापरलेली गाडी मिळवली. आत दोन बिछाने, शेगडी, भांडी घासायला मोरी, एवढासा संडास, आणि टपावर एसी. चैत्र संपता संपता अक्कासह ती गाडी आमच्या वस्तीवर येऊन उभी राहिली.

गाडीत संसार ही गोष्ट आम्हाला तशी नवी नाही. आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. तिच्या मागंपुढं दिंड्यांचे ट्रक असतात, त्यांत चुली, गाद्या, पातेली आणि माळकरी एकत्र नांदतात. पण एवढ्या मोठ्या गाडीत नवरा-बायको दोघंच, हे काही गावाच्या पचनी पडेना. पहिल्या सकाळी दोन म्हाताऱ्या गाडीसमोर पायरीवर येऊन बसल्या. त्यांना वाटलं फिरता दवाखाना आलाय. दाजींनी भिडेखातर एकीचं बीपी तपासलं. यंत्र त्यांच्याकडं होतंच. दुसऱ्या सकाळी सात आल्या.

आता टपावरच्या एसीचं थोडं. घरातला एसी दोन तुकड्यांचा असतो, अर्धा भिंतीवर, अर्धा बाहेर. कॅरॅव्हॅनचा सगळा एकाच पेटीत. टपाला साधारण चौदा इंच लांबी-रुंदीचं चौकोनी भोक पाडायचं आणि त्यावर पेटी बसवायची. कॉम्प्रेसर त्यातच, गार जाळी त्यातच, गरम जाळी त्यातच. बऱ्याच पेट्यांत पंख्याची मोटार एकच, पण तिचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एका टोकाचा पंखा खोलीतली हवा गार जाळीवरनं ओढून खाली सोडतो, दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा गरम जाळीवरनं ओढून मागं फेकतो. यंत्र थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलतं आणि टपावर नेऊन टाकतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ही पेटी टपाच्या वर फूटभर आलेली, त्यामुळं गाडी लिंबाखाली जाईना. एसी नसता तर गाडी सावलीत गेली असती आणि मग एसीची गरज पडली नसती. एसी होता म्हणून ती उन्हात उभी राहिली, आणि उन्हात उभी होती म्हणून एसी लागला. यातला कुठलाही दुवा चुकीचा नाही.

"किती टनाचा हाय?" आबांनी विचारलं. आबा आमचे थोरले चुलते. दाजी म्हणाले, "साधारण सव्वा टनाच्या आतबाहेर." आबांनी टपाकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरले. दाजींनी समजावलं: हे वजन नाही. पूर्वी बर्फ लावून खोल्या गार करत, त्यावरनं हा हिशोब पडला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग बर्फच का आणत न्हाई? भिगवणला उजनीच्या मासळीसाठी रग्गड मिळतो. टेम्पोवाला माझ्या वळखीचा हाय." त्यांचा हिशोब पक्का होता. रोज हजार किलो बर्फ वस्तीवर टाकायचा, त्यात यंत्र नाही, बिघाड नाही. फक्त रोज संध्याकाळी वस्तीवर दहा पिंपं पाणी झालं असतं. आमच्याकडं तेही कुणी नको म्हटलं नसतं.

दुपारी दाजींनी बटण दाबलं. टपावर "हूंऽऽ" असा आवाज झाला, घरातला बल्ब तांबडा पडला, आणि "टक्". गप्प. तीन मिनिटांनी पुन्हा "हूंऽऽ", पुन्हा "टक्".

यंत्र बंद पडलं. ते गावाचं झालं.

जावई घामाघूम होणं ही घरची गोष्ट राहत नाही. त्यात गावाची अब्रू असते. चहाचं दुसरं आधण ठेवायच्या आत वस्तीवर माणसं जमली. वायरमन आला, मोटारी भरणारा रिवायंडिंगवाला आला, बोअरवाला आला. ऊसतोडणीच्या हार्वेस्टरवरचा ऑपरेटर आला. हंगाम संपून तो मोकळाच होता. त्याच्या शब्दाला वजन, कारण त्याच्या यंत्राच्या केबिनला एसी असतो. पट्टीचा मालक डोक्याला टॉवेल गुंडाळून फडाच्या कडेला उन्हात उभा, आणि ऑपरेटर काचेमागं स्वेटर घालायच्या बेतात, हे दृश्य आम्ही दर हंगामाला बघतो. शेवटी आले फिटरसाहेब, वालचंदनगरला उभी हयात काढून निवृत्त झालेले. इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची आवरणं वालचंदनगरला बनतात. फिटरसाहेबांचा त्या खात्याशी नेमका किती संबंध होता हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण रॉकेटलाही मोटारच असते हे कळल्यापासून गावाच्या मनात रॉकेटाविषयी आपुलकी आहे.

फिटरसाहेबांनी लांब पेचकस मागितला. पेचकसाचं टोक टपाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. सगळे गप्प. "चालू करा." हूंऽऽ. टक्. डोळे उघडून ते म्हणाले, "आवाज बराबर हाय." गावाला बरं वाटलं. यंत्र चालत नव्हतं, पण आवाज बरोबर होता.

रिवायंडिंगवाल्याच्या मते स्टार्टिंगचं वायंडिंग गेलेलं. बोअरवाल्याच्या मते एअर धरली होती. हार्वेस्टरवाला म्हणाला, "आमच्यात पाचट आडकतं. वरची जाळी झाडा, सुटंल." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, कारण ते फार सोपं होतं. मग फोन करून बोलावलेला फ्रिजवाला आला आणि गाडीकडं नुसतं लांबनं बघून म्हणाला, "गॅस संपलाय."

गॅस संपलाय हे आपल्या देशातलं एसीचं राष्ट्रीय निदान आहे. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलासारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतनं फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला असेल तर कुठंतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीला पाणी आणणं. त्यात टपावरच्या या पेट्या बहुधा कारखान्यातच गॅस भरून डाक मारून बंद केलेल्या असतात; गॅस भरायला तोंडच ठेवलेलं नसतं. फ्रिजवाल्यानं खालनं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि तोंड शोधायला लागला. बराच वेळ शोधलं. मग खाली उतरून म्हणाला, "कंपनीनं व्हॉल्व्ह द्यायचा इसरलाय." चहा घेतला आणि गेला.

या सगळ्यात आयटीआयला शिकणारं शेजारचं पोर क्लॅम्प मीटर घेऊन मागं उभं होतं. त्याला कुणी विचारलं नाही, कारण त्याला मिशी नीट फुटलेली नाही. माणसं चहाला वळली तेव्हा त्यानं घरातल्या मीटरपाशी व्होल्टेज मोजलं: १९०. मग गाडीच्या प्लगपाशी उभं राहून अक्काला बटण दाबायला सांगितलं. हूंऽऽ. आकडा दीडशेच्या खाली कोसळला. टक्.

गोष्ट अशी होती, की घरापासून गाडीपर्यंत दोनशे फूट जुनी अ‍ॅल्युमिनियमची बारीक वायर ओढलेली. एसी चालू झाल्यावर सहा-सात अँपिअर घेतो, तेवढं ती वायर सोसते. पण उठताना कॉम्प्रेसर त्याच्या कितीतरी पट ओढतो. तेवढा करंट बारीक वायरीतनं जाताना चाळीस-पन्नास व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात. आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. व्होल्टेज दोन-तृतीयांशावर आलं तर जोर निम्म्याच्याही खाली जातो. कॉम्प्रेसर उठायला बघतो, उठता येत नाही, तापतो, ओव्हरलोड त्याला तोडतो. पोरानं हे सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "म्हंजी डीपीपासनं लांबच्या मोटारीसारखं." तंतोतंत. आबांना ओमचा नियम कुणी शिकवला नव्हता, पण टेलची मोटार त्यांनी चाळीस वर्षं उचलली होती.

गोठ्याच्या माळ्यावर जळालेल्या सबमर्सिबलची तीन पदरी चपटी केबल गुंडाळून ठेवलेली होती. जाड तांब्याची. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, सगळं जागच्या जागी, जणू बोअरमध्ये असल्यापासून ती कॅरॅव्हॅनचीच वाट बघत होती. ती टाकली, बटण दाबलं. हूं... आणि घर्रर्र. गार वारा सुटला. गाडीत एका वेळी अकरा माणसं शिरली आणि एसीला जे काय गार करता आलं असतं ते त्यांनी तिथल्या तिथं गरम केलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती.

रात्री आमच्या पट्टीत थ्री फेज येते. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. मोटारींना कपॅसिटर बसवा आणि ते ऑटो स्विच काढा, असं आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आम्ही ते मान्य करतो आणि ऑटो स्विच तसाच ठेवतो, कारण मध्यरात्री अंथरुणातनं उठून विहिरीवर जायला कोण तयार असतं? त्यामुळं लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एका दमात उठतात. त्या क्षणी आमच्या वस्तीवरचं व्होल्टेज कुठं जातं ते बघायला मीटर लागत नाही, पंख्याची पाती मोजता येतात. दाजी घामेजून उठले, दार उघडून बाहेर आले, आणि अंगणातल्या खाटेवर आबांशेजारी आडवे झाले. बाहेर छान वारा होता. सकाळी आबा म्हणाले, "हितं झोपायला कशाला पायजे दाजी एवढी मोठी गाडी?"

तिसरा बिघाड पहाटे दाजींच्या पोटावर टपकला. थेंब, मग धार, मग बर्फाचा एक तुकडा. गाव हरखलं. काल गार होत नव्हतं, आज गारा पडतायत! डाळिंबवाल्यांनी मात्र तोंडं बारीक केली. गारपिटीचा विषय आमच्याकडं चेष्टेचा नाही. झालं होतं ते उलटंच होतं. आतली हवा ओढणारी जाळी, म्हणजे फिल्टर, काळी ठिक्कर. हंगाम संपल्यावर पाचट पेटवतात, त्याची काजळी महिनाभर शिवारात उडत असते. धुतलेला पांढरा सदरा दोरीवर टाकावा आणि ठिपक्यांचा काढावा. ती काजळी दारं उघडी ठेवलेल्या गाडीत शिरून फिल्टरवर बसली. हवा फिरेना म्हणून गार जाळी जास्तच गार होत गेली, हवेतला ओलावा तिच्यावर गोठला, बर्फानं उरलीसुरली वाटही बुजवली. हवा येत नाही म्हणून दाजींनी एसी आणखी थंडीवर नेला. उपाय अगदी सोपा: कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा, बर्फ वितळू द्यायचा, फिल्टर धुवायचा. तो धुतला अक्कानं. पुरुषमंडळी तोवर बर्फाचा तुकडा हातात घेऊन बघत होती.

मग प्रश्न आला की गार होतंय ते पुरेसं होतंय का. दाजींचं मत नाही. आबांचं मत, थंडी वाजते. पोरानं शेजारच्या पोल्ट्रीतला थर्मामीटर आणला. एसी आत ओढतो ती हवा ४१, खाली सोडतो ती ३१. दाजींचा चेहरा पडला. त्यांना १८ हवं होतं, रिमोटवर १८ लिहिलेलं होतं. पण तपासायची रीत हीच आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या हवेत आठ-दहा अंशांचा फरक असेल तर यंत्र धडधाकट आहे. ते एका फेरीत तेवढंच करतं. तीच हवा पुन्हा ओढून पुन्हा उतरवतं. खोली शेवटी किती गार होणार हे पत्रा आणि काचा बाहेरनं किती ऊन आत ढोसतात त्यावर ठरतं. भट्टी झालेल्या गाडीत दुपारी बारा वाजता बटण दाबणाऱ्याला संध्याकाळीच उत्तर मिळतं. सकाळी आठलाच चालू करा, काचांना पडदे लावा, पश्चिमेला गोणपाटाचा आडोसा बांधा. हे सगळं आमच्या गोठ्यात आधीच होतं. होल्स्टिन गाईंना उकाडा सोसत नाही, दूध आटतं, म्हणून त्यांच्यावर हिरवी जाळी आहे, पंखे आहेत, पाण्याची धुई सोडणारे फॉगर आहेत. दाजी अधूनमधून गोठ्यात जाऊन गाईंची चौकशी करत, आणि चौकशी बरीच लांबत असे.

आता सगळं जमलं असं वाटत असतानाच रोजचा दुपारचा खेळ सुरू झाला. सकाळी आठला एसी झकास चालू. अकराच्या सुमाराला टक्. मग पाऊण तास गप्प, थोडा वेळ चालू, टक्. दुपारभर हेच. साडेपाचनंतर पुन्हा झकास.

या बिघाडानं गावाला खरं काम दिलं. व्होल्टेज बघितलं, ठीक. फिल्टर स्वच्छ. कपॅसिटर फुगला असेल म्हणून रिवायंडिंगवाल्यानं दुसरा लावून बघितला, फरक नाही. बोअरवाला एअरवर ठाम राहिला. वेळ बघून करतंय म्हणजे बाहेरचं काहीतरी असणार, अशी एक कुजबुज निघाली आणि गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची आली. फिटरसाहेबांनी पुन्हा पेचकस कानाला लावला आणि या वेळी सांगितलं, "दमतंय." सगळ्यांत अचूक निदान तेच होतं, पण त्यावर पुढं काय करायचं हे त्यांच्या खात्यात येत नव्हतं. हार्वेस्टरवाला पुन्हा म्हणाला, "वर चढून जाळी बघा." दुपारी पत्र्याला हात लागेना, वर कोण चढणार? सगळी तपासणी खालनं, आतनं, झाकणातनं चाललेली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं-तिघं चढलेही, पण तेव्हा वर काहीच नव्हतं आणि एसीही उत्तम चालू होता.

शेवटी बारामतीहून एक मेकॅनिक आला. कमी बोलणारा. आल्या आल्या त्यानं चहा नको म्हटला, तिथंच गावाचं मत त्याच्याविरुद्ध गेलं. भर दुपारी पायांत बूट घालून तो मागच्या शिडीनं टपावर चढला, आणि वरनं त्याचा आवाज आला, "ह्या कुरडया कुणाच्या?"

अंगणात एकदम शांतता झाली. मग स्वयंपाकघरातनं आई म्हणाली, "पाय नका देऊ हो त्यांच्यावर."

टपावर अख्खं वाळवण होतं. पुढच्या अंगाला कुरडया, मधे सांडगे, कडेला बटाट्याचे वेफर्स. आई, काकी आणि शेजारच्या दोघी सकाळी पुरुषमंडळी पारावर गेली की शिडीनं चढत आणि संध्याकाळी ती चहाला जमायच्या आत सगळं आवरून उतरत. अंगणात वाळवण घातलं तर कोंबड्या, कुत्रं, पोरं. घराच्या पत्र्यावर चढायला उतार. टप सपाट, उंच, स्वच्छ. एवढ्यावरच हे थांबलं असतं तरी एसीला काही झालं नसतं. पण काकी निरीक्षण करणाऱ्या. पेटीच्या मागच्या अंगाला ठेवलेल्या कुरडया संध्याकाळी वाजतात आणि पुढच्या अजून वाकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात धरून बघितला. पेटीतनं गरम वारा येत होता. एकसारखा, एका दिशेनं, धुळीशिवाय. दोन उन्हांची कुरडई एका उन्हात! त्यांनी सगळं वाळवण पेटीभोवती ओढून घेतलं, आणि कावळे येतात म्हणून वरनं चार पदरी जुनी नऊवारी पेटीसकट पांघरून टाकली.

म्हणजे गाडीतली उष्णता पेटी टपावर टाकत होती, आणि लुगडं ती तिथंच कोंडत होतं. गरम जाळीनं फेकलेली हवा तीच पुन्हा ओढायची. जाळी तापली, नळीतला दाब चढला, कॉम्प्रेसर दमला, ओव्हरलोडनं तोडला. यंत्रात बिघाड नव्हताच. ते रोज स्वतःला जळण्यापासून वाचवत होतं, आणि शेळगावात मोटारीनं स्वतःला वाचवल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. लुगडं काढल्यावर खाली जाळी दिसली. पाचटाची काजळी आणि फोलपटं तिच्यात गच्च बसलेली. हार्वेस्टरवाल्यानं कुणाकडंच बघितलं नाही. त्यानं फक्त तंबाखू मळली.

जाळी धुवायला बोअरवाल्यानं डाळिंबाचा फवारणीचा एचटीपी पंप आणायचं म्हटलं. मेकॅनिकनं हात जोडले: त्या दाबानं पातळ पात्या कागदासारख्या मुडपतील. पाठीवरचा बॅटरी पंप चालेल, लांबनं. ज्या पात्या आधीच वाकल्या होत्या त्या सरळ करायला बाजारात एक खास फणी मिळते. ती त्याच्याकडं नव्हती. काकींनी उवांची आणून दिली आणि काम झालं. पंपात आधीच्या फवारणीचं काहीतरी उरलेलं असावं. पुढं गाडीत एकही डास टिकला नाही आणि अक्काला शिंका आल्या.

आता वाळवणाचा निकाल लावायचा होता. मेकॅनिकचं मत स्पष्ट होतं, टप रिकामा ठेवा. आईचं मतही स्पष्ट होतं, गव्हाचा चीक शिजवून झालाय. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, पहाटे उठून घाटलेला चीक थांबत नसतो. माणूस थांबू शकतो. दाजी म्हणाले, अहो एसी माणसांसाठी असतो. यावर आयटीआयच्या पोरानं तोंड उघडलं. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं पहिला एसी आखला तो माणसांसाठी नव्हताच, ब्रुकलिनच्या छापखान्यातल्या कागदासाठी होता. हवेतल्या ओलाव्यानं कागद फुगायचा, एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. माणसांना गारवा मिळाला तो नंतर, जाता जाता. काकींनी हे ऐकून पोराला एक तळलेली कुरडई दिली. त्याला मिशी फुटली आहे की नाही हा प्रश्न त्या दिवसापासून निकालात निघाला.

तोडगाही त्यानंच काढला. लुगड्याच्या जागी मच्छरदाणी. ती पेटीपासून दीड हात लांब चार काठ्यांवर ताणायची, म्हणजे वारा जातो आणि कावळा जात नाही. वाळवण फक्त मागच्या अंगाला, पेटीच्या बाजूंना मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी एसी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत एकदाही तुटला नाही. खाली गाडीत गारवा आणि वर टपावर कुरडया खुळखुळीत. पाच-सहा तासांचे आठ-नऊ युनिट जातात, ते कुणाच्या बिलात धरायचे, यावर आबांनी विषय काढून बघितला. आईनं त्यांच्याकडं फक्त बघितलं.

बातमी वस्तीवस्तीवर गेली. शेजारणी डबे, परडी, सुपं घेऊन यायला लागल्या. टपावर जागेचे नंबर लागले. दाजींना भिगवणला रोहित पक्षी परत जायच्या आत बघून यायचं होतं, मग पंढरपूर, मग पुढं कोकण. गाडी तरी त्यासाठीच घेतलेली. एका सकाळी त्यांनी केबल काढायला हात घातला तर काकी शिडीवर उभ्या.

"कुठं निघालात दाजी?"

"भिगवणला जाऊन येतो. संध्याकाळी परत."

"सांडग्यांना अजून एक ऊन पायजे."

दाजींनी केबल पुन्हा लावली. अक्का आणि ते एसटीनं भिगवणला गेले. दिवसभर रिकाम्या गाडीत एसी चालू होता, खिडक्यांना पडदे, दार बंद, आत चिटपाखरू नाही. पारावरच्या मंडळींनी दोनदा येऊन आवाज ऐकला आणि फिटरसाहेबांनी तो बरोबर असल्याचं सांगितलं.

निघायच्या दिवशी दाजींच्या गाडीत बिछान्यावर, बिछान्याखाली आणि त्या एवढ्याशा संडासात कुरडयांचे डबे होते. बहिणीची ओटी भरून झाली, जावयाला टोपी-टॉवेल झाला. काकी गाडीला एक फेरी मारून आल्या, मान वर करून टपाकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येताना आजून एक बसवून आणा दाजी. पुढच्या अंगाला जागा हाय."